साडेअठरा इंचांची पाठ

देवाने माणसाला पाठ दिली ती फक्त सॅक अडकवण्यासाठी, यावर माझ्या थोरल्या साडूंइतकी अढळ श्रद्धा असलेला दुसरा माणूस नाशिक जिल्ह्यात सापडणार नाही. थोरले साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. मूळचे चांदवडकडचे, आता इंदिरानगरात स्थायिक. हयात जमीन मोजणीच्या खात्यात गेली. निवृत्त होताना खात्याने त्यांच्याकडून टेबलाची किल्ली तेवढी परत घेतली, मोजायची सवय घ्यायची राहून गेली. ते भाकरीचा घेर सांगतात, दोन गतिरोधकांमधलं अंतर सांगतात, आणि आपण पलंग घेतला असं म्हटलं की तो आपल्या दारातून आत येणार नाही हेही सांगतात. तो येतही नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी मला ते ‘पाव्हणं’च म्हणतात. माझ्या साखरपुड्यात त्यांनी मला अशी कडकडून मिठी मारली होती, आणि इतका वेळ सोडलं नव्हतं, की मी अगदी भारावून गेलो होतो. सासरच्या माणसांत तेवढी माया त्या दिवशी दुसऱ्या कुणीच दाखवली नव्हती.

जिल्ह्यातले सगळे किल्ले त्यांनी पालथे घातलेत. राहिला होता एकच, साल्हेर. महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता, सणाच्या ताटातला गोडाचा पदार्थ काही माणसं शेवटी ठेवतात तसा. ‘साल्हेरला घाईत नाय जायचं. तीन दिवस काढायचे. मुल्हेर, मग साल्हेर, वर मुक्काम, उतरताना सालोटा,’ हा बेत मी पंधरा वर्षं ऐकत आलो होतो. आणि नेमकी निघायची वेळ आली तेव्हा त्यांची जुनी कॅनव्हासची सॅक फाटली. झालं. नवी सॅक निवडायला त्यांना तीन वर्षं लागली, आणि त्या तीन वर्षांत त्यांच्या उजव्या गुडघ्याने आपला वेगळा बेत ठरवला. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं, ‘काका, जे चढायचं ते या हिवाळ्यात चढून घ्या. पुढच्या वर्षी विचारायलाही येऊ नका. आणि पाठीवर दहा किलोच्या वर अर्धा किलोसुद्धा नको.’

तीन वर्षं लागायचं कारण कांदे. सॅक रिकामी असताना कळत नाही, हे त्यांचं मूळ सूत्र. ‘रिकामी सॅक अन् साखरपुड्यातला जावई, दोन्ही बरेच वाटतात,’ असं ते माझ्याकडे बघून म्हणत. दुकानदार सॅक फुगवायला आत उशा कोंबून दाखवतात, त्याचा त्यांना विलक्षण राग. मग ते भावाच्या शेतातले कांदे गोणीत घालून, गोणी स्कूटरच्या पायाशी ठेवून कॉलेज रोडला जात. दुकानाच्या मधोमध सॅक उघडायची, चौदा किलो कांदे भरायचे, सॅक पाठीला लावायची आणि दुकानाच्या जिन्यावरून सात वेळा चढउतार करायची. कांदाच का, असं मी एकदा विचारलं. ‘वाळू खाली बसते, पुस्तकं टोचतात. कांदा जागेवर राहतो,’ ते म्हणाले, ‘अन् सॅक नाय आवडली तर घरी भजी करता येतात.’ दोन दुकानदारांनी त्यांना पाहताच दुपारच्या जेवणासाठी शटर खाली ओढायला सुरुवात केली. एकाची वेळ सकाळी साडेदहाची होती.

घरबसल्याही त्यांनी पाच सॅक मागवल्या आणि पाचही परत केल्या. परत न्यायला येणारा माणूस खोकं नाकाशी नेऊन विचारी, ‘काका, यात खायचं काही आहे का?’ एका कंपनीचा तर परत करण्याचं कारण विचारणारा फोन आला. साडूंनी फोनवरच्या मुलीला पस्तीस मिनिटं कारण सांगितलं. खांद्याचा पट्टा नुसता शोभेचा, सगळा भार कमरेच्या पट्ट्यावर यायला हवा. कमरेचा पट्टा पोटावर नाही, हाडावर बसायला हवा. छातीचा पट्टा श्वास अडकेल इतका वर नको. पलीकडची मुलगी शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाली, ‘सर, मी फक्त एक ते पाचमध्ये रेटिंग विचारत होते.’

पण सगळ्यात नाजूक विषय पाठीच्या लांबीचा. मानेमागे जे हाड वर येतं तिथपासून कमरेच्या हाडापर्यंतची लांबी ही माणसाची खरी उंची, बाकी सगळा देखावा, असं त्यांचं मत. आमच्या पुतणीला स्थळ आलं, मुलगा सहा फूट, घरात सगळे खूश. साडू पाहुण्यांना बसस्टॉपवर सोडून परत आले आणि तोंड वाकडं करून म्हणाले, ‘उंची सगळी पायात हाय. पाठ सोळाच.’ त्यानंतर आठवडाभर बिचारी पुतणी त्या मुलाचा फोटो आडवा-उभा करून बघत होती.

घरी आणलेली प्रत्येक सॅक ते आठ दिवस अंगावर ‘मुरवत’. सॅक लावून चहा, सॅक लावून पेपर, सॅक लावून गॅसच्या नंबरला फोन. सोफ्यावर बसता येत नाही म्हणून उभ्याने जेवण. एका बारशाला ते कांद्यांसकट आले आणि पाळण्यावर वाकले तेव्हा पाचसहा बायका एकदम किंचाळल्या. माझी मेहुणी, म्हणजे आमच्या ताई, शांत स्वभावाच्या. त्या एवढंच म्हणाल्या, ‘मला बघायला आले तेव्हा पोह्यांची बशी संपायच्या आत होकार दिला. सॅकचं मात्र तिसरं वर्ष चाललंय.’ त्यावर साडू म्हणाले, ‘तुला पाठीवर कुठं घ्यायची होती?’ दोन दिवस त्यांच्या घरी चहा बिनसाखरेचा होता.

शेवटी या डिसेंबरात सॅक मिळाली. हिरवी, पासष्ट लिटरची, खाली झोपायच्या पिशवीसाठी वेगळी चेन असलेली. पंधरा दिवस रोज सकाळी ते तीत मोजून दहा किलो कांदे भरून पांडवलेण्याच्या पायऱ्या चढले. मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता. ‘पाव्हणं, वजन लागतच नाय हो. पाठीवर काही हाय हेच कळत नाय.’ मग सामानाची मोजणी झाली. स्वेटर, टॉर्च, चिवडा, औषधं, झोपायची पिशवी, पाणी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू वेगळी ठेवून, वहीत मांडून, बेरीज बरोबर दहा किलो.

पहाटेच्या एसटीने आम्ही सटाण्याकडे निघालो, आणि त्या दिवशी मुल्हेर चढून उतरलो. साडूंना मी इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. मी धापा टाकत होतो आणि ते पुढून ओरडत होते, ‘दहा किलो हाय, चारसुद्धा वाटत नाय! याला म्हणतात सॅक!’ वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला त्यांनी कमरेच्या पट्ट्याची माहिती दिली. त्यात एक गुराखी होता आणि एक म्हैस. ऊन कलताना जीपने साल्हेरवाडीला पोचलो. तिथे एका मावशींच्या घरी उतरायची सोय होती. ओट्यावर बसून साडूंनी झोपायची पिशवी काढायला खालची चेन उघडली, आणि ओट्यावरून अंगणात कांदेच कांदे घरंगळत गेले.

सरावाचे कांदे. आठ किलो तरी असतील. वरच्या कप्प्यातले त्यांनी आठवणीने काढले होते, खालचे आतच राहिले होते. तेवढ्यात ताईंचा फोन आला, झोपायची पिशवी दिवाणावरच राहिली म्हणून. ज्या माणसाने चिवड्यातले दाणेही वजन करून घेतले, त्याने भरलेली सॅक एकदाही काट्यावर ठेवली नव्हती. आणि सॅक इतकी उत्तम निवडली होती की दिवसभर तिने त्यांना काहीच कळू दिलं नाही. मावशी अंगणातले कांदे पदरात गोळा करत होत्या. या बागलाणात कांदे साठवायची चाळ नाही असं घर शोधावं लागतं. त्या म्हणाल्या, ‘भाऊ, तुम्ही नाशिकथून आठे कांदा लई उनात?’ म्हणजे, नाशिकहून इथे कांदे घेऊन आलात? मी हसून हसून ओट्यावर आडवा झालो. साडूही हसले. मग उठायला गेले, आणि गुडघा धरून खाली बसले.

सकाळी तो गुडघा पुरीसारखा फुगला होता. समोर साल्हेर उभा होता, उन्हात स्वच्छ, इतका जवळ की पायऱ्या मोजता याव्यात. कालच्या हसण्याची मला लाज वाटली. मी म्हणालो, ‘आपण परत जाऊ. पुढच्या वर्षी बघू.’ हे बोलताच मी काय बोललो ते माझ्या लक्षात आलं, आणि त्यांच्याही.

‘उभे राहा,’ ते म्हणाले. त्यांनी सॅक रिकामी केली, त्यात पाणी, दोन भाकऱ्या आणि एक कांदा टाकला, आणि ती माझ्या पाठीला लावली. बसल्या बसल्या माझा कमरेचा पट्टा आवळला, मला वाकायला सांगून खांद्याचे पट्टे ओढले. सॅक अंगावर अशी बसली, जणू शिंप्याने माझंच माप घेतलं होतं. मी चकित होऊन म्हणालो, ‘ही तर माझ्यासाठीच केल्यासारखी आहे.’

‘साडेअठरा,’ ते म्हणाले. ‘माझीबी साडेअठरा, तुमचीबी साडेअठरा. साखरपुड्यातच वितीनं मोजली होती. तिथंच तुमच्या ताईला सांगितलं, पोरगा घ्यायचा, पाठ चांगली हाय.’

बावीस वर्षं जपलेली ती मिठी अशी मातीत गेली. मला राग यायला हवा होता, पण मी कमरेचा पट्टा एकदा चाचपून पाहिला आणि वर चढायला लागलो. सासरेबुवांनी माझा पगार विचारला होता, मामेसासऱ्यांनी पत्रिका पाहिली होती. या एका माणसाने माझ्यावर विश्वास टाकला तो माझ्या पाठीकडे बघून.

माथ्यावर परशुरामाच्या देवळापाशी पोचलो आणि फोन लावला. दूरवर डोंगरांच्या रांगा होत्या, कुठून सांगायला सुरुवात करावी ते सुचेना. त्यांनी ते विचारलंच नाही. ‘भार कुठं येतोय?’ एवढंच म्हणाले.

‘कमरेवर.’

‘खांदे?’

‘मोकळे आहेत. काही लागत नाही, भाऊसाहेब. पाठीवर काही आहे हेच कळत नाही.’

‘बरं,’ ते म्हणाले, आणि बराच वेळ फोन तसाच चालू ठेवला. तिकडून कोंबड्यांचा आवाज येत होता. इकडचा वारा त्यांना ऐकू जात असावा. मी फोन हातात उंच धरून उभा राहिलो.

मग कांदा बुक्कीने फोडला. अर्धा भाकरीबरोबर खाल्ला आणि अर्धा त्यांच्यासाठी कागदात बांधून खाली आणला. ते ओट्यावर पाय लांब करून वाट बघत होते. त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला, मावशींकडून मीठ मागून घेतलं आणि साल्हेरकडे तोंड करून सावकाश खाल्ला.

सॅक आता माझ्या घरी आहे. त्यांनी परत घेतली नाही. महिन्यातून एकदा येतात, जिना जपून चढतात, आणि चहाच्या आधी मला ती पाठीला लावून उभं राहायला सांगतात.