बारशाआधीचं नाव

मुलींच्या नावांचे अर्थ विचारायची मला वाईट खोड आहे. कट्टा गावाजवळच्या शाळेत मी मराठी शिकवते. नवा वर्ग आला की पहिल्याच हजेरीला मी सगळ्याजणींना सांगते, घरी विचारून या, तुमचं नाव कुणी ठेवलं आणि त्याचा अर्थ काय. हल्ली आईबापांना नाव मोबाईल सुचवतो आणि अर्थही तोच सांगतो. कुठलंही न ऐकलेलं नाव घ्या, अर्थ एकतर ‘देवी लक्ष्मी’ नाहीतर ‘सूर्याचा पहिला किरण’. आपली एवढी नावं आहेत हे लक्ष्मीला तरी ठाऊक आहे का, असं मी एका बापाला विचारलं होतं. तो पुन्हा पालकसभेला आला नाही.

एका मुलीचं नाव शाल्मली होतं. वडिलांना ते फार नाजूक वाटलं म्हणून त्यांनी ठेवलेलं. शाल्मली म्हणजे सावर, आपल्या डोंगरात वाढते तीच, अंगभर काटे असलेली, असं मी सांगितलं तेव्हा त्या घरात काय झालं असेल देव जाणे. दुसरीचं नाव आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि बाबांच्या नावाचं शेवटचं अक्षर जोडून केलेलं. याला काही अर्थ नाही, असं मी म्हणणार तोच ती म्हणाली, “बाई, माझ्या नावाचा अर्थ आई आणि बाबा.” मी गप्प बसले. मला गप्प बसवणं सोपं नाही.

आणि जुनी नावं. आमच्या गावच्या म्हाताऱ्यांत भिकी होती, धोंडी होती. आता ऐकून पोरी फिदीफिदी हसतात. ज्या घरात मूल जगत नसे तिथे पुढच्या पोरीला असं नाव द्यायचे. मरणाने दारात येऊन हाक ऐकावी आणि इथे नेण्यासारखं काही नाही म्हणून माघारी जावं, एवढाच त्याचा अर्थ. मुलीच्या नावाचा यापेक्षा मायेचा अर्थ मला कुठल्या पुस्तकात मिळालेला नाही.

माझा धाकटा भाऊ कुडाळच्या एका कारखान्यात कामाला आहे. त्याच्या लग्नानंतर कितीतरी वर्षं पाळणा हलला नव्हता. मग एकदाचे दिवस राहिले आणि घरातली सगळी माणसं पायांचा आवाज न करता चालायला लागली. आमच्याकडे नाव आत्याने ठेवायचं असतं. ती ते मनाशी ठरवते आणि बारशापर्यंत कुणालाही सांगत नाही, मुलाच्या आईबापालाही नाही. नणंद म्हणून नावं ठेवायचा हक्क मला भावाच्या लग्नातच मिळाला होता, आता नाव ठेवायचाही मिळणार म्हणून सगळे माझी थट्टा करत. मी मात्र कामाला लागले होते. मुलगी होईल असं मी धरूनच चालले होते. शाळेतले कोश घरी आणले, शेकडो नावं तोंडात घोळवली आणि टाकून दिली. शेवटी एक जुना संस्कृत शब्द सापडला. आमच्या तालुक्यात तरी त्या नावाची मुलगी नव्हती. ते नाव मी इथे लिहिणार नाही. ते एका मुलीचं आणि तिच्या आईचं आहे, मला तो अधिकार नाही.

मुलगीच झाली, पण फार लवकर झाली. तिला गोव्याच्या मोठ्या इस्पितळात हलवावं लागलं. तिथे तिला काचेच्या पेटीत ठेवली होती. पेटीवर चिठ्ठी होती, तिच्यावर आईचं नाव आणि पुढे ‘बाळ’. भावजय अजून नीट उभीही राहू शकत नव्हती, पण दिवसातून जेवढ्या वेळा आत सोडत तेवढ्या वेळा ती भिंतीला धरत पेटीपाशी जायची. मी तिच्याबरोबर राहिले होते. एका दुपारी डॉक्टर काही न बोलता पुढे गेले आणि मला राहवलं नाही. म्हटलं, हिला पोरीचं नाव सांगून टाकावं, निदान त्या नावाने हाक तरी मारील. मी तोंड उघडलं आणि तिने माझ्या तोंडावर हात ठेवला.

“नको ताई. बारशाकच सांगा,” ती म्हणाली.

मला लगेच कळलं. आत्ता नाव ऐकणं म्हणजे बारसं होणार नाही हे कबूल करणं होतं. ती ते करणार नव्हती.

घरी माझ्या आईला फोनवर सगळं कळत होतं. आई त्या जुन्या काळातली. तिने भावजयीला फोनवर सांगितलं, “तिका धोंडी म्हणान हाक मार गो. मोठ्यान मार, सगळ्यांका आयकूक येऊंदे.” एरवी अशा गोष्टींवर मी कडाडले असते. त्या दिवशी मीच भावजयीला हाताला धरून आत नेलं. तिने काचेजवळ तोंड नेलं आणि हाक मारली, “धोंडी! गो धोंडी!” शेजारच्या पेटीपाशी उभी असलेली बाई चमकून बघायला लागली. भावजय हाका मारत राहिली. पोरीने मूठ हलवली, असं ती मला पुनःपुन्हा सांगत होती.

बारसं तोंडावर आलं असताना पोर गेली. भावाने तिला मांडीवर घेऊन घरी आणली. एवढ्या लहान मुलाला अग्नी देत नाहीत. घराच्या वर आमची काजूची बाग आहे, तिच्या कडेला तिला पुरली. भटजी नाही, मंत्र नाही. भेटायला आलेली लांबच्या नात्यातली एक बाई म्हणाली, “नाव ठेवूक नाय हुता ता एक बरा झाला. नायतर माया आणखी लागली असती.” ती वाईट बाई नव्हती, समजूतच घालत होती. भावजय उठून आत गेली. मला त्या बाईचा इतका राग आला की मी तिला चहासुद्धा विचारला नाही.

त्यानंतर भावजय माझ्या मागे लागली. नाव सांगा. आई आडवी आली. “गेलेल्या पोराचा नाव घेवचा नसता,” ती मला बाजूला घेऊन म्हणाली, “नाव कळला की ती रोज हाक मारीत बसतली. तिका इसरूंदे.” आईचं अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही. तिने स्वतः दोन मुलं घालवली होती आणि त्यांच्याविषयी शब्दही कधी घरात निघाला नव्हता. त्यांची नावं काय होती हे मला आजही माहीत नाही.

महिन्याभराने मी भावजयीला धामापूरला घेऊन गेले. भगवतीचं दर्शन घेतलं आणि आम्ही तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो. खाली पाणी हिरवंगार होतं. ती पाण्याकडे बघत म्हणाली, “ताई, माज्या चेडवान जल्मभर एकच हाक आयकली. धोंडी. ती बिचारी धोंडी म्हणानच गेली.”

जन्मभर म्हणाली ती. मला रडू आवरेना. मी तिथेच तिला नाव सांगितलं.

तिने ते एकदा हळू म्हणून बघितलं. मग पुन्हा, जरा मोठ्याने. अर्थ विचारायचं तिला सुचलं नाही आणि मीही, आयुष्यात पहिल्यांदाच, न विचारता सांगत बसले नाही. परतताना एसटीत ती खिडकीला डोकं टेकून होती आणि तिचे ओठ हलत होते. आम्ही घरी कुणाला काही बोललो नाही.

मागच्या वर्षी तिला दुसरी मुलगी झाली. पुऱ्या दिवसांची, धडधाकट, रडून घर डोक्यावर घेणारी. बारशाच्या आदल्या दुपारी आई घुगऱ्यांसाठी हरभरे निवडत बसली होती. भावजय पोरीला पाजत होती. आई मला म्हणाली, “ता नाव आसा मां अजून तुज्याकडे? तेव्हा ठरयलेला? ताच ठेव. कोणी वापरूक नाय.”

खरं सांगायचं तर माझ्याही मनात एकदा ते येऊन गेलं होतं. एवढं सुंदर नाव.

“वापरलेला आसा ता,” भावजय म्हणाली.

“कोणी?”

“माज्या पयल्या चेडवान.” आणि तिने सासूसमोर ते नाव घेतलं, स्वच्छ, सावकाश, घरातल्या माणसाचं घ्यावं तसं.

आईचा हात हरभऱ्यात थांबला. आता घर पेटणार, असं मला वाटलं. पण आई माझ्याकडे वळून म्हणाली, “त्येचो अर्थ काय गो?”

इतकी वर्षं मी गावाला अर्थ सांगत आले, पण तेव्हा लांबण लावली नाही. खाडी समुद्राला मिळते तिथे ओहोटीला पाण्यातून वाळूचा पट्टा वर येतो, त्याला म्हणतात, एवढंच मी सांगितलं. ते नाव निवडताना मला ती उन्हात चमकणारी वाळू तेवढी दिसली होती, पुढचं मी बघितलंच नव्हतं. पुढचं आता भावजयीने बघितलं.

“म्हंजे भरतीक जाणारी,” ती म्हणाली आणि तिने मान खाली घातली.

आईचं माहेर खाडीच्या तोंडावरचं. तिने सूप बाजूला ठेवलं, उठून सुनेजवळ गेली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“जाता खंय गो?” आई म्हणाली. “थंयच आसता ती. वर पाणी चढता, म्हणान दिसणा नाय.”

दुसऱ्या दिवशी पाळण्याभोवती बायका जमल्या. शेजारात नवीनच राहायला आलेल्या बाईने पोरीला हातात घेतलं आणि कौतुकाने म्हणाली, “पयलीच नात मां तुमची?”

“पयली न्हय,” आई म्हणाली. “दुसरी.” आणि तिने पहिलीचं नाव सांगितलं. जोडाक्षर असलेलं कुठलंही नाव आईच्या तोंडून धड निघत नाही. हे निघालं.