तात्यांचा रविवारचा पेपर

सांगलीच्या शाळेत माझ्या वर्गाचा सराव पेपर चालू होता. शिपाईमामा दारात येऊन हळूच म्हणाले, औंधहून भावाचा फोन आहे... तात्या गेले. उरलेला अर्धा तास मी तशीच वर्गात उभी राहिले. पेपर मध्येच गोळा केला असता, तर माझ्या या चुलत्यांनी मला माफ केलं नसतं.

दहावीला मी गणितात सपाटून आपटले. पुढच्या मार्चला गणित सुटलं तर पुढचं शिक्षण, नाहीतर स्थळं बघायची, असं वडिलांनी सांगून टाकलं. मी घाबरून सोडवलेल्या गणितांचं गाईड दिवसभर वाचत बसायचे. तात्या तेव्हा नुकतेच फौजेतून हवालदार होऊन परतले होते. त्यांनी गाईड काढून घेतलं.

"आगं, वाचताना समदं येतंय असंच वाटतंय. पेपर लिवल्याबिगर काय येत न्हाई त्ये कळायचं न्हाई."

ते स्वतः गणितात नापास होऊन फौजेत पळालेले. त्यांनीही बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला! दर रविवारी अकराला गोठा झाडून दोन पोती टाकायची, खडूनं आसनक्रमांक लिहायचे, शिट्टी वाजली की जुनी प्रश्नपत्रिका सुरू. पुस्तक उघडायचं नाही, पाणी मागायचं नाही. मग एकमेकांचे पेपर तपासायचे. पहिल्या रविवारी मला अकरा, तात्यांना नऊ. पुतणीनं हरवलं म्हणून ते गावभर सांगत सुटले. चुकलेलं गणित पुढच्या रविवारी आधी लिहायचं, मगच नवं. दिवाळीनंतर माझा हात आपोआप चालायला लागला.

निकालात मला अठ्ठावन्न मिळाले आणि तात्या तीन मार्कांनी नापास झाले. मला रडूच फुटलं. ते मात्र साताऱ्याहून कंदी पेढे आणून वाटत होते. आवं, तुमचं काय झालं, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "माझा सराव चालू हाय."

ऑक्टोबरात तेही सुटले, पण रविवार काही सुटला नाही. गल्लीतली मुलं येत राहिली, आणि तात्या प्रत्येक तुकडीबरोबर पेपर लिहीत राहिले.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी गोठ्यात डोकावले, तर मुलांनी पोती अंथरलेली. मुलाण्यांची सानिया, नववीतली, म्हणाली, "ताई, तुमी बी लिवा. तात्या लिवायचं."

लिहिला. सानिया पेन चावत माझा पेपर तपासू लागली आणि एका गणितावर थांबली. पंधरा वर्षं गणित शिकवणारी बाई त्या पहिल्या रविवारसारखी मान लांबवून आपले मार्क शोधायला लागली... आणि तात्या गेल्यापासून पहिल्यांदाच मी पोट धरून हसले.