सरांचा मेलेला पाकट

आमचे सर गेल्याची बातमी मला मिरकरवाडा बंदरावर मासळीच्या लिलावात कळली, आमच्या प्रयोगशाळेला मासे पुरवणाऱ्या हसनमियांकडून. "गेलं तुमचं सर," एवढंच म्हणून ते जाळं झाडत राहिले. पुढे शोकसभा झाली. सर थोर प्राणिशास्त्रज्ञ होते, असं चौघांनी सांगितलं. मी त्यांच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं बरण्या पुसल्या. जिवंत प्राण्याला त्यांनी हात लावलेला मला तरी आठवत नाही.

मासा टेबलावर ठेवण्याआधी विहिरीच्या पाण्यात तीनदा खळबळून घ्यायचा, हा सरांचा दंडक. वास खपत नसे ना! समुद्रातला मासा गोड्या पाण्यात कसला टिकतोय? म्हणजे सर जन्मभर मढ्यांचेच अभ्यासक. एकदा हसनमियांनी विजेचा झटका देणारा छोटा पाकट मासा आणला, वाटोळा, मऊ. सरांनी तो धुवायला लावला, मेल्यावर हातात धरला आणि वर्गाला विचारलं, "कुठे आहे वीज?" पोरं खिदळली. दारात उभे हसनमिया म्हणाले, "सर, जित्ता बगा. पयला झटका जोरात, मंग हलका, मंग नाय. दमतो तो. इसावा दिला की परत मारतो."

"दर्यावरच्या गप्पा," सर म्हणाले.

त्या गप्पांतलं शास्त्र मला पुढे एका पुस्तकात सापडलं. पाकटाच्या डोक्याच्या दोन्ही अंगांना, कातडीखाली, स्नायूंपासूनच बनलेल्या चकत्या असतात, घावनांसारख्या एकावर एक रचलेल्या. एकेकीची वीज नगण्य. पण मेंदूचा हुकूम आला की सगळ्या एकदम जाग्या होतात आणि त्यांची बेरीज होते. मेलेल्या माशाला हुकूम कोण देणार? एवढी साधी गोष्ट त्या विद्वानाच्या डोक्यात कधी शिरली नाही.

दुसऱ्या दिवशी हसनमिया खाऱ्या पाण्याच्या बादलीत जिवंत पाकट घेऊन हजर. त्यांना खोटं ठरून घरी जायचं नव्हतं. सर व्हरांड्याची पायरीसुद्धा उतरले नाहीत. मला म्हणाले, "घाल रे हात." मी घातला. कोपरापर्यंत सणक गेली...

"लागलं काही?" सरांनी वरूनच विचारलं.

हसनमिया माझ्या तोंडाकडे बघत होते. माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती.

"नाही, सर."

हसनमियांनी बादली उचलली.

परवा सरांचं कपाट आवरलं. तो पहिला, धुतलेला पाकट बरणीत पांढराफटक पडून आहे. वर चिठ्ठी: 'झटका देत नाही. स्वतः तपासले.' अक्षर माझं. झटका बसतो हे सरांना निदान ठाऊक तरी नव्हतं.