कोळणीचा चष्मा

स्वातंत्र्याला सहा-सात वर्षं झाली असतील. आमच्या अंधेरीच्या चाळीत वेसाव्याची एक कोळीण मासे घेऊन यायची. कपाळाला फडकं घट्ट आवळलेलं असायचं. बोलताना ती मान तिरकी करायची, पापलेट कापताना एक डोळा मिटून घ्यायची. “अर्धशिशी हाय बाय,” एवढंच सांगायची. शेजारणी म्हणायच्या, हिला कुणाची तरी नजर लागलीय.

एका सकाळी ती जिन्यावरून टोपलीसकट पडली. मी धावले. गुडघा फुटला होता, तरी ती आधी मासे गोळा करत होती.

“चक्कर आली का गं?”

“एका पायरीच्या दोन दिसतात. खोटीवर पाय पडला.”

मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, हिचे दोन्ही डोळे एका जागी बघत नाहीत; त्या ताणानं डोकं दुखतं आणि तोलही जातो. त्यांनी खास भिंगांचा चष्मा दिला.

तो लावून ती बाजारात बसली, तेव्हा बाकीच्या कोळणी फिदीफिदी हसल्या. “मास्तरीण आली गो!”

“हसा. पयले एकेकीच्या दोन दिसायच्या. आता निम्मीच तोंडं हसताना दिसतात.”

चष्मा काही तिनं उतरवला नाही.

महिन्याभरानं, मी कोलंबी घेत असताना, सगळ्यात मोठ्यानं हसलेली कोळीण कपाळ दाबत तिच्याजवळ सरकली आणि हळूच डॉक्टरचा पत्ता विचारू लागली. हिनं टोपली झाकली, तिचं मनगट धरलं.

“चल आताच. पत्ता घेशील नि घरी बसशील.”