व्हॅनच्या पोटातली घरघर

ताईंना स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. जेवतानाही त्या मध्येच उठायच्या, कधी गॅस बंद आहे का बघायला, कधी दाराची कडी चाचपायला. कापडाच्या दुकानात काउंटरवर होत्या तेव्हा मालक म्हणायचा, या बाईच्या पायाला भिंगरी आहे. त्यामुळे चाळिशी उलटल्यावर त्या गाडी चालवायला शिकल्या याचं कुणाला नवल वाटलं नाही. शिकल्या मात्र गरजेपोटी. आईची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि तिला डायलिसिसला शहरातल्या इस्पितळात न्यायला घरात गाडी चालवता येणारं कुणी नव्हतं.

आई गेली, तेव्हा ताई कित्येक दिवस घरातल्या घरात येरझाऱ्या घालत राहिल्या. मग आईच्या शेजारच्या खाटेवर असायच्या त्या शिवणकामवाल्या आजींचा फोन आला. "तुझी आई नाही, पण वाट तीच आहे. मला नेशील का गं?"

आजींपाठोपाठ एक निवृत्त शिक्षक आले, त्यांना सगळे सर म्हणत. मग आणखी एकदोघं. ताईंनी दुकान सोडलं, एक जुनी व्हॅन घेतली आणि रुग्णांची ने-आण हाच त्यांचा उद्योग झाला.

त्या वर्षी थंडी अशी पडली की सकाळी व्हॅनची काच खरवडल्याशिवाय पुढचं दिसायचं नाही. अशाच एका सकाळी नदीवरचा पूल ओलांडून ताईंनी वेग वाढवला आणि गाडीच्या पोटातून घरघर ऐकू आली. वेग कमी केला, थांबली. वाढवला, पुन्हा सुरू.

"हिला घरघर लागली वाटतं," सर म्हणाले. त्यांनी गंमत केली होती, पण त्या गाडीत हा शब्द कुणाला रुचला नाही. आजी खिडकीबाहेर बघत राहिल्या.

त्या दिवसापासून ताईंचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. पुलाच्या पुढे कोसभर वस्ती नव्हती. तिथे गाडी बंद पडली आणि हे लोक कुडकुडत बसले तर? डायलिसिसची वेळ चुकली तर? घरी नवऱ्याला सांगितलं, त्याला शेजारी बसवून चक्कर मारली. पण त्याचा जन्म छापखान्यातल्या मोठ्या यंत्रापाशी गेला होता आणि कान कधीच अधू झाले होते.

"मला तर काही ऐकू येत नाही," तो म्हणाला.

"तुम्हाला कुकरची शिट्टीही ऐकू येत नाही," ताई म्हणाल्या आणि लगेच त्यांना वाईट वाटलं.

हमरस्त्यावर एक चकचकीत गॅरेज होतं. तिथल्या माणसाने ताईंना कॉफी पाजली, आवाजाचं वर्णन ऐकलं आणि खुर्चीवरून न उठता निकाल दिला की गिअरबॉक्स गेला. गाडी आठवडाभर सोडावी लागेल. ताई "विचारून सांगते" म्हणून बाहेर पडल्या. कुणाला विचारणार होत्या ते त्यांनाच माहीत नव्हतं. गाडीकडे न बघता रोग सांगणारा वैद्य त्यांना पटला नव्हता, इतकंच.

परतताना त्यांनी एक गोष्ट करून पाहिली. मोकळ्या रस्त्यावर वेग तोच ठेवून गिअर बदलला. घरघर जशीच्या तशी. गिअर न्यूट्रलला टाकला, तरी तीच. दुखणं गिअरबॉक्सचं असतं तर काहीतरी फरक पडायला नको होता का? खात्री वाटेना, पण शंका बळावली.

आता त्या दिसेल त्या चालकाला विचारू लागल्या. चांगलं गॅरेज कुठलं, असं विचारलं की जो तो आपल्या मेव्हण्याचं नाव सांगे. म्हणून त्यांनी प्रश्न बदलला. इस्पितळाच्या फाटकाशी रुग्णवाहिकेचा चालक हात चोळत उभा होता. त्याला विचारलं, "तुमची स्वतःची गाडी कुठे टाकता?"

तो हसला. "बघूकडे."

लाकडाच्या वखारीमागे एक पत्र्याची शेड होती. तिच्या मालकाला काहीही विचारलं तरी तो आधी "बघू" म्हणायचा, म्हणून तेच त्याचं नाव पडलं होतं. ताईंचं ऐकून तोही "बघू" म्हणाला, पण हात पुसून स्वतः गाडीत बसला. गिअरची गोष्ट ऐकून त्याने मान डोलावली. म्हणाला, आवाज चाकांच्या फिरण्याबरोबर चाललाय, गिअरबॉक्स नसावा, मागच्या चाकाचं बेअरिंग वाटतंय. ताईंची फेरी नव्हती त्या दिवशी त्याने ते बदलून दिलं.

दुसऱ्या दिवशी पुलापुढे घरघर होतीच.

ताईंनी वेग कमी केला. म्हणजे हाही तसलाच. त्या दिवशी त्या आजींशीही धड बोलल्या नाहीत. परतल्यावर तणतणत शेडमध्ये गेल्या. चार शब्द सुनवायचे असं वाटेभर ठरवलं होतं, पण बघूनेच त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून विचारलं, "गेला नाही ना आवाज?"

"नाही."

"मग माझी चूक झाली, ताई. बेअरिंग काढलं तेव्हा ते बऱ्यापैकी चांगलं दिसलं होतं. तेव्हाच थांबायला हवं होतं मी. त्याची मजुरी माझ्याकडे. आता नीट शोधू. मागे बसायला कुणीतरी हवं, मी चालवतो."

ताईंचा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याची जागा कशाने भरावी ते त्यांना कळेना. त्या घरून नवऱ्याला घेऊन आल्या.

"यांना ऐकू येत नाही," त्यांनी आधीच सांगून टाकलं.

"ऐकायचं नाहीये," नवरा म्हणाला. मागची चटई गुंडाळून तो गाडीच्या तळावर मांडी घालून बसला आणि दोन्ही तळवे पत्र्यावर टेकले. छापखान्यात यंत्र बिघडलं की तो असंच करायचा. बघूने वेग वाढवला. नवरा बसल्या बसल्या मागून पुढे सरकला, थोडा मागे आला आणि मधल्या सीटपाशी थांबला.

"इथे. चाकापाशी काहीच नाही. इथे मुंग्या येतायत हाताला."

बघूने गाडी शेडमध्ये घेतली, वर उचलली आणि नेमक्या त्या जागेखाली टॉर्च धरला. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा मध्यावर एका बेअरिंगने धरलेला असतो. त्या बेअरिंगभोवतीचं रबर थंडीने कडक होऊन तडकलं होतं आणि दांडा डुगडुगत होता. बघूने ताईंना खाली बोलावून दांडा हलवून दाखवला. अशीच चालवत राहिले असते तर काय झालं असतं, असं ताईंनी विचारलं. एक दिवस दांडा खाली आला असता, तो म्हणाला. ताईंनी नवऱ्याचा हात घट्ट धरला, पत्र्यावर टेकून तो हात गार झाला होता.

दुरुस्ती झाली आणि पुलापुढचा रस्ता शांत झाला. सर घोरायला लागले, आजी टोपी विणू लागल्या. ताईंना मात्र ती शांतता सोसेना. आठवड्याने त्या पुन्हा शेडमध्ये हजर.

"काय झालं?" बघूने विचारलं.

"काहीच ऐकू येत नाहीये."

तो हसला नाही. हात पुसले, गाडीत बसला, पुलापर्यंत जाऊन आला.

"ठीक आहे गाडी. पुन्हा शंका आली तर या."

त्या हिवाळ्यात ताई आणखी कितीदा तरी गेल्या. गाडीत दोष एकदाही निघाला नाही, आणि बघू दर वेळी त्यांच्याबरोबर चक्कर मारून आला.