वहिनींना न आवडलेला शेवट

सौंसरच्या बाजारओळीत एक कापडाचं दुकान होतं. दुकान बंद असायचं त्या दिवशी त्याच्या ओट्यावर आम्ही तिघं बसायचो आणि पिक्चरवर बोलायचो. मी मूळचा पांढुर्ण्याचा. सौंसरच्या मिडल स्कूलमध्ये मास्तर म्हणून लागलो तेव्हा गावात ओळखीचं कोणी नव्हतं. शर्टाचं कापड घ्यायला त्या दुकानात गेलो, तर शेटजी एका गिऱ्हाइकाला जुन्या जासूसी पिक्चरची गोष्ट सांगत होते. गिऱ्हाईक निघून गेलं तरी गोष्ट थांबली नाही. मी शेवटपर्यंत उभं राहून ऐकली आणि म्हणालो की गद्दार कोण ते या पिक्चरमध्ये फार लवकर कळतं. शेटजींनी मला बसायला सांगितलं आणि चहा मागवला. ओळख झाली ती अशी.

शेटजी चाळिशी ओलांडलेले होते. तरुणपणी नागपूरला मामाकडे शिकायला राहिले आणि कॉलेजपेक्षा टॉकीजमध्येच जास्त बसले. त्यांचा जीव काळ्या-पांढऱ्या पिक्चरवर. रंग आला आणि पिक्चरमधली भीती गेली, असं त्यांचं ठाम मत. पूर्वी अंधारात नुसती पेटलेली सिगरेट दिसली तरी पोटात गोळा यायचा. आता खलनायकाचा कोट लाल, भिंत पिवळी, भ्यायचं कशाला, असं ते म्हणत. मला विदेशी जासूसी पिक्चर आवडायचे. नागपूरला रविवारी सकाळी लागायचे, त्यासाठी मी पहाटेची बस धरायचो. त्यातला जासूस थकलेला, सर्दी झालेला, साध्या ओव्हरकोटातला असायचा आणि त्याच्याच ऑफिसनं त्याला सोडून दिलेलं असायचं. शेटजींना हे पटत नसे. गाणं नाही, घर नाही, अशा माणसाबद्दल पाहणाऱ्याला माया कशी वाटणार, असा त्यांचा सवाल असे. त्यावर आमची दुपार निघून जायची.

तिसरा आमचा संत्रेवाला मित्र. रामाकोन्याच्या बाजूला त्यांचा बगीचा होता. घरात थोरला भाऊ असल्यामुळे सगळे त्याला धाकटे म्हणत. मीही धाकटेभाऊच म्हणू लागलो. तो माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. उंच, सडपातळ, बोलणं कमी. तो मत असं कधी द्यायचाच नाही, फक्त विचारायचा. नाव बदलून दुसऱ्या देशात राहणारा माणूस झोपेत कोणत्या भाषेत बोलत असेल? तिकडं त्याला ताप आला तर तो कोणाला हाक मारत असेल? एकदा त्यानं विचारलं की इतकी वर्षं खोटं नाव घेतल्यावर त्याला खऱ्या नावानं कोणी बोलावलं, तर तो वळून पाहील का. मला हे प्रश्न फार आवडायचे. मी म्हणायचो, धाकटेभाऊ, तुम्ही पिक्चर लिहायला पाहिजे. तो नुसता मान हलवायचा.

सौंसरला टॉकीज होती, पण जुने पिक्चर पांढुर्ण्याला मॅटिनीत लागायचे. तिथं जुना जासूसी पिक्चर लागला की आम्ही तिघं बसनं जायचो आणि परतीच्या वाटेवर भांडत यायचो. एका खेपेला धाकटेभाऊ आला नाही. बसमध्ये शेजारी बसल्यावर शेटजींनी मला त्याच्या घरची हकिगत सांगितली.

त्याचा थोरला भाऊ फौजेत होता. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा लढाई लागली. लढाई संपली आणि भाऊ बेपत्ता असल्याची तार आली. मृतदेह आला नाही, सामानही आलं नाही. पुढं सरकारनं त्याला मृत ठरवलं, पण आईनं मानलं नाही. माझा पोरगा हुशार होता, चार भाषा पटकन शिकायचा, त्याला तिकडंच कामावर ठेवलं असेल, असं ती म्हणायची. कोणी नातेवाइकानंही तिला सांगितलं की सरकार अशा माणसांना मेलेलं दाखवतं आणि काम झालं की परत आणतं. धाकटा तेव्हा कॉलेजात होता. त्याला ते पटलं. आई वारली तरी त्याच्या मनातलं ते गेलं नाही. बगीच्याची वाटणी नाही, घराची नवी खोली नाही, स्वतःचं लग्नही नाही. सगळं दादा आल्यावर. वहिनी घरातच राहिली. माहेरचे न्यायला आले, तर नाही म्हणाली. कपाळावर कुंकू आणि गळ्यात काळे मणी तसेच.

"अन् तो आपल्यासोबत पिक्चर पाहायला येत नाही, गुरुजी," शेटजी खिडकीबाहेर बघत म्हणाले. "तो भावाला पाहायला येते."

त्यानंतर ओट्यावर मी जपून बोलू लागलो. जासूस सीमेवर मरतो त्या पिक्चरचा विषय निघाला की शेटजी आणि मी दोघंही गाण्यांकडे वळायचो. धाकटेभाऊला ते कळत असेलही, पण त्यानं कधी दाखवलं नाही.

एक जुना पिक्चर शेटजींचा सगळ्यात लाडका होता. त्यांनी तो तरुणपणी पाहिला होता आणि आम्हाला कितीदा तरी ऐकवला होता. त्यातला जासूस परक्या गावात घड्याळं दुरुस्त करत राहतो. इकडं त्याला मेलेला समजतात, फोटोला हार घालतात. बायको मात्र मानत नाही, रोज संध्याकाळी दारात दिवा लावते. शेवटच्या रिळात तो स्टेशनवर उतरतो, चालत घरी येतो आणि दिव्याच्या उजेडात दोघं एकमेकांना बघतात. तो पिक्चर आमच्या बाजूला परत कधी लागलाच नाही. धाकटेभाऊ दर महिन्याला विचारायचा.

मग व्हिडिओ आला. पांढुर्ण्याला एका दुकानात टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं मिळू लागले आणि गल्लीगल्लीत लोक अंगणात बसून पिक्चर पाहू लागले. धाकटेभाऊनं नागपूरला कोणाला तरी सांगून त्या पिक्चरची कॅसेट शोधून काढली. वहिनीला दाखवायची होती. वहिनी टॉकीजला जायची नाही. अशा बाईनं पिक्चर पाहायला जावं हे गावाला चाललं नसतं आणि तिनंही कधी तसं म्हटलं नव्हतं. त्यानं ओट्यावर येऊन आम्हाला बोलावणं केलं. इतका खुशीत मी त्याला त्याआधी पाहिला नव्हता.

संत्र्याच्या आंबिया बहाराचे दिवस होते. बगीच्यातच त्यांचं घर होतं; फाटकातून आत शिरलो तर फुलांच्या वासानं छाती भरून गेली. दिवसा लाईन, म्हणजे वीज, असायची म्हणून दुपारचाच बेत होता. बैठकीत टीव्ही मांडला होता, खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. वहिनी तेव्हा तिशीच्या पुढं होती, पण केस कानशिलापाशी पांढरे झाले होते. तिनं आम्हाला चहा-पोहे दिले आणि दारापाशी भिंतीला टेकून बसली. शेजारच्या दोन म्हाताऱ्याही येऊन बसल्या.

कॅसेट घासलेली होती. चेहऱ्यांवरून सारख्या पांढऱ्या रेघा जायच्या, गाणं मधेच खरखरायचं. तरी शेटजींनी वर्णन केलं होतं त्याहून पिक्चर चांगला निघाला. घड्याळाच्या दुकानातला तो प्रसंग, जिथं शत्रूचा अफसर त्याच्यासमोर बसून राहतो आणि नुसती टिकटिक ऐकू येते, तो मला आजही जुन्या जासूसी पिक्चरमधला सर्वोत्तम प्रसंग वाटतो. शेवट आला. तो स्टेशनवर उतरला, घरी आला, दिवा दिसला. एक म्हातारी डोळे पुसू लागली. धाकटेभाऊ टीव्हीकडे पाहत नव्हता. तो वहिनीकडे पाहत होता.

चादरी काढल्या. शेटजींनी, ते नेहमी विचारायचे तसं, सगळ्यांना विचारलं की कसा वाटला. वहिनी कप गोळा करत होती. ती थांबली.

"मले नाही आवडला शेवट," ती म्हणाली.

शेटजींना वाटलं तिला नीट समजलं नाही. ते हळू आवाजात म्हणाले, "काहून वहिनी? आला ना तो परत."

"तो आला. तिकडं काय काय करत होता ते सगळं दाखवलं. ती इकडं काय करत होती ते कुठं दाखवलं? दिवा घेऊन उभीच आहे. इतके वर्षं असं कोणी उभं राहते का, शेटजी?"

तिनं कप खाली ठेवले आणि दिराकडे पाहिलं. तिचा आवाज चढला नव्हता.

"भाऊजी, मी वाट पाहून नाही राहिली. तुमचे भाऊ गेले. मले त्याच साली समजलं होतं."

धाकटेभाऊ उठला आणि मागच्या दारानं बगीच्यात निघून गेला. म्हाताऱ्या तोंडावर पदर धरून बसल्या. वहिनीनं आम्हाला सांगितलं की तुम्ही निघा, गाडी चुकेल. भाऊजींकडे मी पाहते. आम्ही छोट्या लाईनीच्या, अरुंद रुळांवरच्या गाडीनं सौंसरला परतलो.

बरेच दिवस धाकटेभाऊ ओट्यावर आला नाही. शेटजींनी जाऊन यायचा विचार दोनदा केला आणि दोनदा सोडून दिला. मग एका दुपारी तो आपणहून आला. ओट्यावर बसला आणि कोणी न विचारताच सांगू लागला.

लढाईनंतरच्या उन्हाळ्यात थोरल्याच्या पलटणीतला एक जवान बगीच्यावर आला होता. आई तेव्हा जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला गेली होती आणि धाकटा परीक्षेला. घरात वहिनी एकटीच होती. त्या जवानानं थोरल्याला पडताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. नदीच्या काठी पडला. माघार घ्यावी लागली, म्हणून उचलून आणता आलं नाही. तो हात जोडून रडला. वहिनीनं त्याला जेवू घातलं आणि सासूला भेटू नका अशी विनवणी केली, कारण सासूनं अन्न टाकलं होतं आणि पोरगा जिवंत आहे एवढ्या एकाच गोष्टीवर ती उठून बसत होती. संध्याकाळी आई परतली तेव्हा जवान निघून गेला होता. वहिनीनं तिला प्रसाद मागितला आणि स्वयंपाकाला लागली.

"आई गेल्यावर वहिनी सांगणार होती म्हणते," धाकटेभाऊ म्हणाला. "पण तवरोक मीच आईसारखा बोलून राहिलो होतो. दादा येईल, दादा येईल. वहिनीले वाटलं, याचं मोडलं तर हा कशावर जगंल. अन् मी म्हणून राहिलो होतो की वहिनीसाठी म्हणा लागते."

शेटजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून बसले. मला वहिनीचं ते कप गोळा करणं आठवत राहिलं. सासूपुढं, दिरापुढं, गावापुढं ती इतकी वर्षं एकटीनं हे घेऊन वावरली होती. तिनं रडायचं कधी, कुठं, हा विचार माझ्या मनातून आजवर गेलेला नाही.

त्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला धाकटेभाऊनं भावाच्या नावानं पहिल्यांदा पान वाढलं. शेटजींना आणि मला जेवायला बोलावलं. वडे, कढी, खीर असा साधाच स्वयंपाक. धाकट्यानं छपरावर पान ठेवलं, हात जोडले आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. वहिनीनं गळ्यातले काळे मणी काढले होते. कुंकू होतं. एका नातेवाईक बाईनं त्यावरून काही म्हटलं, तेव्हा वहिनी वाढता वाढता म्हणाली, "हे मी लग्नाच्या आधीपासून लावते."

पुढच्या उन्हाळ्यात धाकटेभाऊचं लग्न झालं. बायको काटोलकडची, संत्रेवाल्यांच्याच घरातली. घराला नवी खोली निघाली. वहिनी अंगणवाडीवर लागली आणि सकाळी लुगड्याचा पदर खोचून मुलं गोळा करत फिरू लागली. माझी बदली पांढुर्ण्याला झाली. ओट्यावरच्या बैठकी कमी झाल्या, पण मॅटिनीला जुना पिक्चर लागला की मी शेटजींना निरोप धाडायचो.

अशाच एका हिवाळ्यात निरोपावरून शेटजी आले, सोबत धाकटेभाऊ, त्याची बायको आणि वहिनी. वहिनी टॉकीजमध्ये पहिल्यांदाच येत होती. पिक्चर जासूसीच होता आणि त्यात तो मरतो, हे मला ठाऊक होतं. मी दारातच धाकटेभाऊला बाजूला घेऊन सांगितलं. त्यानं वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, तिकिटं काढा.

शेवटी तो जासूस नदीपाशी पडला. साथीदारांना पुढं जायला सांगून एकटा राहिला. मग एका साथीदारानं त्याच्या घरी जाऊन, सगळ्यांसमोर, तो गेल्याचं सांगितलं. पुढच्या ओळीत बसलेल्या वहिनीचे खांदे हलताना मला दिसले. आधी आवाज नव्हता. मग ती मोकळेपणानं, मोठ्यानं रडली. आजूबाजूच्या बाया वळून पाहू लागल्या, पण ती थांबली नाही. जावेनं तिचा हात धरून ठेवला. माझ्या शेजारी धाकटेभाऊ दोन्ही हातांत तोंड धरून बसला होता. पडद्यावर शेवटची अक्षरं आली, दिवे लागले, लोक उठून गेले, तरी आम्ही बसून होतो. झाडणारा माणूस आला आणि आमच्याकडे पाहून दुसऱ्या टोकाकडून झाडू लागला.

बाहेर ऊन होतं. बसस्टँडसमोर आम्ही चहा घेतला. वहिनीचे डोळे सुजले होते, पण चेहरा उतरला नव्हता. शेटजींनी या खेपेला काही विचारलं नाही. तिनंच आपणहून सांगितलं.

"हा बरा होता. त्याच्या घरी जाऊन नीट सांगितलं तरी."

शेटजींच्या मते तो पिक्चर कमजोर होता. दुसरा अर्धा भाग ढिला, गाणी उगाच. एरवी त्यांनी हे तासभर बोलून दाखवलं असतं. त्या दिवशी ते मान हलवून हो म्हणाले आणि सौंसरची बस लागली तशी वहिनीसाठी खिडकीची जागा धरायला सगळ्यांच्या आधी चढले.