चिनी चित्रकथेतला होम

मला चिनी भाषेतलं एक अक्षरही येत नाही, आणि तरीही मी दूधविनायक या आमच्या मोहल्ल्यातल्या पाच मुलांना दहा दिवस चिनी शिकवलं.

खरी शिक्षिका माझी बायको, वसुधा. ती विद्यापीठात चिनी शिकवते. दोन वर्षांपासून ती गल्लीतल्या मुलांना आमच्या घरी जमवून चित्रकथांमधून चिनी वाचायला शिकवते. आधी चित्र बघायचं, मग ओळखीचं अक्षर शोधायचं, उरलेलं ताडायचं, अशी तिची रीत. विद्यापीठात बऱ्याच जणांना हा पोरखेळ वाटायचा. त्यामुळे चीनहून एक प्राध्यापिका हा वर्ग बघायला येणार म्हटल्यावर वसुधाची झोप उडाली. त्यांना पटलं तर वर्ग विद्यापीठाचा होणार होता. नाही पटलं तर बंद.

नेमकं तेव्हाच तिच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं आणि तिला पुण्याला जावं लागलं. जाताना तिने नवी चित्रकथा दिली आणि ती स्वतःच्या आवाजात वाचून माझ्या फोनमध्ये भरून ठेवली.

"रोज संध्याकाळी मुलांना एवढं ऐकवा," ती म्हणाली. "तुम्ही मधे काही बोलू नका."

पुतण्याच्या मुंजीचे व्हिडिओ फोनमध्ये मावेनात, म्हणून मी दुसऱ्याच दिवशी थोडी साफसफाई केली. त्यात वसुधाचा आवाजही गेला. तिला सांगून पुन्हा मागवता आला असता. (बारा वर्षांच्या संसारानंतर हे सुचवणारा माणूस अविवाहित असला पाहिजे.) शिवाय मी संस्कृतचा मास्तर, गंगेकाठी ब्रह्मा घाटावरच्या वैदिकांच्या घरातला. अक्षरं येत नसेनात का, चित्रं तर होती.

पहिल्याच पानावर उंच ज्वाळा, भोवती हात वर केलेली माणसं. मी लगेच ओळखलं आणि मुलांना सांगितलं, की मोठा होम चाललाय. बायका बादल्या आणत होत्या, ते यजमानांच्या स्नानाचं गंगाजल. छपरावर एक म्हातारा होता, तो ध्वज बांधत होता. शिडीवर लाल कपड्यांतला धिप्पाड माणूस हातात जाड पाइप धरून उभा होता. हे मुख्य पुरोहित, पाइपातून तूप सोडताहेत, असं सांगताना मलाही त्या यज्ञाच्या थाटाचं कौतुक वाटलं.

मुलं विलक्षण शांतपणे ऐकायची. (माझ्या कॉलेजात इतकी शांतता फक्त सुट्टीत असते.) दहा दिवस हेच चाललं. गोष्ट संपली की माझी नऊ वर्षांची मुक्ता रोज प्रेमाने म्हणायची, "बाबा, तुम्ही जा आता. आम्ही उजळणी करतो."

वसुधा परतली आणि दुसऱ्याच दिवशी प्राध्यापिका आल्या. चहा झाला. त्यांनी होमाचं पान उघडून मुक्तापुढे ठेवलं आणि वाचायला सांगितलं. मी हळूच जिन्याकडे सरकलो.

मुक्ता अक्षरांखालून बोट फिरवत चिनीत वाचू लागली. बाईंच्या भुवया वर गेल्या. वसुधा एकटक लेकीकडे बघत होती. होमाला चिनीत काय म्हणतात ते मला कुठून कळणार? मी घाम पुसत राहिलो. मग मुक्ता माझ्याकडे वळली.

"बाबा, घराला आग लागलीय. आजोबा छतावर अडकलेत. ते लाल कपडेवाले त्यांना वाचवायला आलेत, आणि पाइपात पाणी आहे, तूप नाही."

मी जिन्याच्या पायरीवर बसकण मारली. लाज वाटायला हवी होती, पण इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. वसुधाची दोन वर्षं माझ्या होमात पडली नव्हती.

शिक्षिका नसताना मुलं इतकं कसं शिकली, असं बाईंनी विचारलं. शेजारच्या गोलूने हिंदीत प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "चाचा रोज गलत बताते थे. हम लोग एक-एक अक्षर देखकर उनकी गलती पकड़ते थे."

वसुधाने ते शब्दशः चिनीत सांगितलं. (एखादा शब्द गाळला असता तरी चाललं असतं.) बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. आणि वर्ग मंजूर झाला.

आता दर शनिवारी मी रीतसर चुकीच्या गोष्टी सांगतो. परवा मी चिनीचं पहिलं पुस्तक चाळत बसलो होतो. मुक्ताने ते हळूच माझ्या हातातून काढून घेतलं.

"बाबा, तुम्ही शिकलात तर आमच्या अभ्यासाचं काय?"